लेकीचं पहिलं मतदान आणि "घरातली मतं एका ठिकाणी", बापानं किती बोलावं?

नीरेकाठचा

नमस्कार मंडळी. माझी थोरली लेक यंदा अठराची झाली, नमुना ६ ऑनलाईन भरला होता, मतदार कार्ड पण आलं. आमचं एकत्र कुटुंब, शेती, ऊस. आमच्यात पहिल्यापासून पद्धत अशी आहे की मतदानाच्या आदल्या रात्री दादा (माझे वडील) सगळ्यांना ओसरीवर बसवतात आणि कुठलं बटण दाबायचं ते सांगतात, सुना, नातवंडं सगळ्यांना. त्यामुळं गावात आमच्या घराच्या मतांना किंमत आहे, उमेदवार दारात येतो, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर फोन उचलतो, हे मी नाकारत नाही.

आता लेक म्हणाली, पप्पा माझं मी ठरवणार आणि कुणाला दिलं ते सांगणार पण नाही. दादा लई चिडले, एका घरात दोन चुली मांडायच्या का म्हणाले, दोन दिवस जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. मला लेकीचं पटतंय. पण दादांचा शब्द मोडायचा म्हणजे आमच्यात साधी गोष्ट नाही, आणि दुसरं म्हणजे मी स्वतः बाप म्हणून तिला माझं मत सांगावं का, की गप्प बसावं, की सांगून पण मोकळं सोडावं? घरात लोकशाही कुठवर चालते, बापानं कुठं थांबायचं? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा.

वकीलसाहेब_फलटण

आधी कायद्याचं सांगतो म्हणजे दादांशी बोलायला आधार होईल. मत गुप्त आहे आणि ते घरच्यांपासून पण गुप्त आहे. मतदानाच्या वेळी आत सोबती नेता येतो तो फक्त अंध किंवा अपंगत्वामुळं स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला, सोबती १८ च्या वर पाहिजे, एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि मत कुणाला दिलं ते बाहेर सांगणार नाही असं लिहून द्यावं लागतं. कायद्यानं सोबत्याचं तोंड बांधलंय, मग धडधाकट सुनेला नातीला ओसरीवर बसवून "दाबलं का?" असं विचारायचा हक्क कुणालाच नाही.

अजून एक. १९८९ पर्यंत मताचं वय २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीनं ते १८ केलं. म्हणजे देशानं विचार करून ठरवलंय की या वयाच्या पोरीला आमदार खासदार निवडायची अक्कल आहे. घरानं तिला दोन पावलं मागं का ओढायचं?

तुम्ही तुमचं मत सांगा की, बाप आहात. फक्त का ते पण सांगा आणि तिनं उलट विचारलं तर उत्तर द्या. "मी सांगतो म्हणून" हे कारण होत नाही एवढंच.

जुना_कार्यकर्ता

मी दादांच्या बाजूनं बोलणार, राग मानू नका. शहरात बसून गुप्त मत गुप्त मत म्हणणं सोपं आहे, गावात बारक्या शेतकऱ्याकडं दुसरं काय आहे? एकगठ्ठा मत हीच त्याची ताकद. एकाच घरात पाच मतं पाच दिशेला गेली तर कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीसाठी तुमचा फोन कोण घेणार? आणि अठरा वर्षांची पोरं काय वाचून ठरवतात, मोबाईलवर जे फिरतं त्यावर. घरातल्या माणसानं पन्नास वर्षं राजकारण बघितलंय, त्याचा अनुभव फुकट का घालवायचा? बाप म्हणजे घराची जबाबदारी, सगळ्यांना विचारत बसला तर निर्णयच होणार नाहीत.

माजी_सदस्या

कार्यकर्ते भाऊ, एकीला माझा विरोध नाही, पण ती एकी बोलून ठरलेली पाहिजे, सांगून लादलेली नको. सगळ्यांनी बसून चर्चा केली, सुनांनी पण सांगितलं की पाण्यासाठी कुणी काम केलं आणि कुणी नाही, आणि मग सगळ्यांचं एक झालं, तर ती खरी ताकद.

मी ग्रामपंचायतीत सदस्य होते. आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, पण मीटिंगला नवरा किंवा सासरा खुर्चीवर आणि बाई मागं पदर घेऊन, हे मी डोळ्यानं बघितलंय. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती बऱ्याच वेळा सह्या गोळा करून उरकतात. आणि ज्या मोजक्या बाया उठून बोलायच्या त्यांना मी नंतर विचारायचे, तुम्हाला भीती कशी नाही वाटत, तर बऱ्याच जणी म्हणायच्या आमचे अण्णा, आमचे तात्या लहानपणी आम्हाला विचारायचे. बाजारात बैल कितीला द्यावा हे पण विचारायचे. बापानं ऐकून घेतलेलं असलं की पुढं सभेत आवाज निघतो हो. ज्या पोरीला घरात "तू मधी बोलू नको" ऐकायची सवय लागली ती ग्रामसेवकाला हिशोब कसा विचारणार?

म्हणून दादांना विरोध म्हणून नका सांगू. आदल्या रात्रीची बैठक तशीच ठेवा, ती चांगली गोष्ट आहे, लोक आजकाल एकत्र बसतात कुठं. फक्त त्या रात्री सगळ्यात धाकट्यापासून बोलायला सुरुवात करा आणि दादांनी शेवटी बोलायचं. मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे माना हलवतात.

पुणेरी_वाचक

जोतीराव फुल्यांनी शेवटच्या पुस्तकात (ते गेल्यावर १८९१ ला छापलं गेलं) एक घर रंगवलंय, त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी (जोतीरावांनी स्वतः मांडलेला धर्म मानणारा), आणि चौघं एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं राहतात. विचार करा, त्या काळात. आणि लिहिणारा कोण, तर ज्याला शाळेपायी बायकोसकट वडिलांचं घर सोडावं लागलं. वडील गोविंदराव काही दुष्ट नव्हते, समाजाचा दाब होता त्यांच्यावर, पण घरात वेगळं वागणाऱ्याला जागा नसली की काय होतं ते त्यांच्या पोरानं भोगलं होतं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हेच सांगितलं, राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही. दोन वर्षांनी त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलं त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल, ज्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा होता.

तिथंच मला नीरेकाठच्या भाऊंना एक विचारायचंय. लेकीनं हवं त्याला मत द्यावं हे तुम्हाला पटतंय, छान, खरंच आनंद झाला वाचून. पण मत देण्यात बापाचं काही जात नाही. घरात जमिनीचा कागद निघेल तेव्हा तिला, तुमच्या बहिणींना विचारणार का? जिथं बापाला किंवा भावाला काहीतरी सोडावं लागतं तिथं घरातली लोकशाही कळते असं माझं स्पष्ट मत आहे.

नीरेकाठचा

पुणेरी, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. दिवाळीनंतर वाटणीचं निघालंय आमच्यात. बहिणींच्या हक्कसोडपत्रावर (जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद) सह्या घ्यायच्या असं दादांनी आणि चुलत्यांनी ठरवलंय, बहिणींना अजून कुणी विचारलेलं नाही, भाऊबीजेला आल्या की सांगू असं चाललंय. माजी_सदस्या ताईंचं धाकट्यापासून बोलायचं मला फार आवडलं, दादांना काल सांगितलं, ते हो म्हणाले नाहीत पण नाही पण म्हणाले नाहीत. लेकीला मी माझं मत कारणासकट सांगितलं, तिनं माझ्याशी तासभर वाद घातला, आणि शेवटी तिचं काय ठरलं ते मी विचारलं नाही.

वकीलसाहेब, बहिणींना सहीआधी सगळं वाचून दाखवायचं म्हणतो. त्यांचा हक्क नक्की किती आणि कुठले कागद काढू?

वकीलसाहेब_फलटण

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच जन्मापासून हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ ला दिला होता पण आधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या, २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात असो नसो, हक्क आहेच. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती मोडत नाही. हक्कसोड स्वखुशीनं करता येतं, पण ते रजिस्टर करावं लागतं आणि सही झाली की मागं फिरणं अवघड, त्यामुळं भाऊबीजेच्या गडबडीत सह्या घेऊ नका.

सातबारा, आठ अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि आजोबांच्या वारसनोंदीपासूनचे सगळे फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी) काढा. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतील, अर्ज आत्ताच टाका, वेळ लागतो. बहिणींना एकेक सेट आधी पाठवून द्या, म्हणजे येताना त्या त्यांचे प्रश्न घेऊन येतील.