नोवित्स्कीचा एका पायावरचा शॉट अडवता का येत नसे?

प्रश्न: बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्कीचे जुने सामने बघतोय. सात फुटी फॉरवर्ड (बास्केटजवळ खेळणारा आक्रमक खेळाडू), पण उडी काही फार उंच नाही. तरी तो शॉट भल्याभल्यांना अडवता येत नसे, असं का?

उत्तर: वर येणारा गुडघा बघा. बचावपटू तिथेच लांब राहतो. त्यात अंग मागे झुकलेलं, चेंडू सुटतो डोक्याच्याही वरून. हात पोचणार कसा?

उत्तर: मला तर त्याची २०११ची फायनल भिडते. २००६च्या फायनल मालिकेत त्याचं डॅलस २-० ने पुढे असूनही मायामीकडून हरलं होतं. पाच वर्षांनी समोर पुन्हा मायामीच! चौथ्या सामन्यात अंगात ताप, तरी शेवटच्या मिनिटातला लेअप (बास्केटजवळ जाऊन केलेला गोल) त्याचाच. आणि अख्खे २१ सीझन एकाच संघाकडून. असा निष्ठावान खेळाडू विरळाच.

प्रश्नकर्ता: गुडघ्याचं पटलं. आज चौथाच सामना लावतो.