ऑडिओ रिव्ह्यूंवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

खर्जवेडा:
दोन वर्षांपूर्वी ७० हजारांची स्पीकरची जोडी घेतली. आधी पाच रिव्ह्यू वाचले, तीन व्हिडिओ पाहिले. आठही ठिकाणी एकच सूर: लहान खोलीसाठी उत्तम, बास (खालचे स्वर) घट्ट. घरी आणली, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवली (१० बाय १२ च्या खोलीत आणखी जागा कुठून आणू?) आणि तानपुऱ्याच्या साथीचं एक गाणं लावलं. खर्जाची तार छेडली की अख्खी खोली घुमायची, गाणारीचे शब्द त्यात बुडून जायचे. शेवटी स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये (बास वाढवायला ठेवलेल्या भोकात) मोज्यांची जोडी कोंबली, तेव्हा कुठे शब्द कळू लागले.

भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचे खालचे स्वर फुगतात, हे या छंदातलं अगदी पहिलं ज्ञान. आठांपैकी एकानेही ते लिहिलं नव्हतं. तीनही व्हिडिओंखाली मात्र खरेदीची लिंक होती.

पाकीट घेऊन कोणी लिहितं असं मी म्हणत नाही. पण कंपनीने पाठवलेला नमुना वर्षभर परत न मागणं, रिव्ह्यू लिहिणाऱ्याला खास सवलतीचा भाव, आणि त्याच अंकात त्याच कंपनीची पानभर जाहिरात, एवढं सगळं असल्यावर हात आखडतोच. ज्याची जाहिरात घेतली त्याचा रिव्ह्यू छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना_श्रोता:
नाही पटलं. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' हे अमेरिकी ऑडिओ मासिक काढलं ते आधीच्या मासिकातल्या जाहिरातदारांच्या दबावाला कंटाळूनच. १९७३ मध्ये हॅरी पिअरसन यांनी 'द ॲब्सोल्यूट साउंड' हे तसलंच मासिक सुरू केलं तेही जाहिरातींशिवाय. पुढे दोघांनाही जाहिराती घ्याव्या लागल्या, कारण नुसत्या वर्गणीवर भागत नाही. ॲम्प (ॲम्प्लिफायर) महिनाभर घरी ठेवून ऐकायचा, मोजायचा, त्यावर चार पानं लिहायची, याचे पैसे कोण देणार? आपण तर फुकट वाचतो.

शिवाय 'स्टिरिओफाइल' रिव्ह्यूसोबत मोजमापांचे आलेख छापतं, म्हणजे कोणता स्वर किती मोठा वाजतो वगैरे. लेखक भारावून गेलेला असतो आणि दोन पानं पुढे आलेख वेगळंच सांगत असतो, असं मी कितीदा पाहिलंय. जाहिरात दिली म्हणून आलेखाची रेघ सरळ होत नाही. ती कशी वाचायची हे आपण शिकायला हवं.

लॅमिंग्टनची_लेक:
माझ्या वडिलांचं मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऑडिओचं दुकान होतं, मी काउंटरमागेच वाढले. खर्जवेडादादा, तुमचा राग समजतो, पण दोष एकट्या जाहिरातीचा नाही. गिऱ्हाईक डोळ्यांनी ऐकतं. जाडजूड ॲल्युमिनियमचं तोंड असलेला ॲम्प लावला की 'वा, काय वजन आहे आवाजाला' म्हणायचे, आणि वडील सांगायचे, अहो, अजून जुनाच चालू आहे.

हेच फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हारमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत तपासलं. ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा दिसतील असे, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना जास्त गुण. पडद्याआड तो फरक बराच ओसरला. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: स्पीकर दिसत असताना त्यांची खोलीतली जागा बदलली तरी लोकांच्या मतात फारसा फरक पडत नव्हता. तुमच्या आठ जणांना भिंत का ऐकू आली नाही, त्याचं उत्तर यातही असेल.

मापाडी:
ताईंशी सहमत, आणि म्हणूनच सोन्याचे कान, म्हणजे बारीकसा फरकही ऐकू येणारे जाणकार, वगैरे मी मानत नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या महागड्या एलपी आठवा. 'शुद्ध ॲनालॉग' (मूळ टेपपासून एलपीपर्यंत कुठेही डिजिटल नाही) म्हणून जाणकारांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सच्या एका रेकॉर्डविक्रेत्याने कंपनीत जाऊन इंजिनिअरांनाच विचारलं, तेव्हा कळलं की मध्ये डिजिटल टप्पा होता. इतक्या वर्षांत कुणाच्याही कानाने तो पकडला नव्हता.

जुना_श्रोता:
उलट बोलताय तुम्ही! त्या एलपी चांगल्या वाजत होत्या आणि समीक्षकांनी चांगल्या वाजतात असंच लिहिलं. फसवणूक झाली ती प्रक्रियेबद्दल. तिथे कान खोटे पडले नाहीत.

खर्जवेडा:
काका, हे मान्य. कानांवर माझा राग नाहीच. पण एक सांगा, आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने (ASCI, जाहिरात व्यवसायाची स्वनियमन संस्था) २०२१ मध्येच सोशल मीडियासाठी नियम केला की पैसे, फुकट वस्तू, सवलत, जे काही घेतलं असेल ते ठळक सांगायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तरी त्या तीन व्हिडिओंत नमुना कुणाचा, परत गेला का, खोली केवढी, भिंत किती लांब, यातलं अवाक्षर नाही. जाहिराती बंद करा हा माझा हट्ट मी सोडतो. या चार ओळी लिहायला पैसे लागत नाहीत, त्या तरी हव्यात.

जुना_श्रोता:
चार ओळींना माझी ना नाही. पण आलेख नसेल तर त्या चार ओळींनीही तुमचा तानपुरा घुमायचा थांबला नसता.

लॅमिंग्टनची_लेक:
रविवारी दोघंही ठाण्याला या. दोन ॲम्प पडद्यामागे लावते. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरून दोघांचा आवाज आधी समान करू, कारण जरासा मोठा वाजणाराच सगळ्यांना चांगला वाटतो. दादा, येताना तुमचा तानपुरा आणा. आणि ते मोजेही.