शब्दचर्चा: 'आपण' की 'आम्ही'?

परवा एका ॲपवर ओळ दिसली: "चला, आम्ही सुरुवात करूया!" 'करूया' म्हटलं की ऐकणारा त्यात आलाच. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. मला ते चांगलंच खटकलं. नववीतल्या भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबर तर आहे!" म्हणून हा धागा काढतोय.

"आम्ही जेवायला चाललोय" असं म्हटलं तर समोरच्याने मागे थांबायचं. "आपण जेवायला चाललोय" म्हटलं तर त्याने चपला घालायच्या. इंग्रजीत दोन्हीला 'वी', हिंदीत बहुतेक वेळा 'हम'. जाहिराती, मालिका, ॲप असं बरंच काही त्या भाषांतून मराठीत येतं आणि 'हम'चं डोळे मिटून 'आम्ही' होतं. मुलं दिवसभर तेच ऐकतात, वाचतात. आपल्यात कोण आणि आपल्याबाहेर कोण हे सांगणारा फरकच त्यांच्या कानावरून निघून चाललाय, याची मला खरंच काळजी वाटते.

याच माध्यमांनी एकेकाळी हा शब्द फार सुंदर वापरला होता. आकाशवाणीवरची 'आपली आवड' आठवा, श्रोत्यांनी पत्रातून मागितलेली गाणी लावायचा तो कार्यक्रम. 'आपण'ला आदरार्थी 'तुम्ही' असाही अर्थ आहे. एरवी क्रियापद उलगडा करतं: "आपण कुठे राहता?" म्हणजे तुम्ही, "आपण कुठे राहतो?" म्हणजे आपण सगळे. 'आपली आवड'मध्ये क्रियापदच नाही, त्यामुळे दोन्ही अर्थ शाबूत राहतात. पत्र पाठवणाऱ्याची आवड, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांची.

आईने एकदा कार्ड टाकलं होतं. गाण्याआधी नावं आणि गावं वाचायचे. आमचं गाव आलं तेव्हा आजीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळणाला आलेल्या बाया म्हणत होत्या, "काल आपल्या गावाचं नाव आलं." आईचं नाव आलं असं कुणीच म्हणालं नाही, आणि आईलाही त्याचं काही वाटलं नाही.

प्रतिसाद १
मग 'आमची माती, आमची माणसं'चं काय? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि शेतीविषयक कार्यक्रमाला त्यांनी हेच नाव दिलं. तिथे 'आमची' चुकलं म्हणायचं का?

धागाकर्ता
नाही, तिथे ते अगदी नेमकं आहे. शेतकरी स्वतःबद्दल बोलतोय, आणि पडद्यासमोर शहरातला माणूसही बसलाय. 'आमची' म्हटल्याने माती कुणाची ते ठरतं. 'आमची मुंबई'तही तोच हक्काचा सूर आहे. 'आपली मुंबई' म्हणा, काल गाडीतून उतरलेला माणूसही त्यात येतो. दोन्ही मराठी शुद्धच. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक हवं, एवढंच.

प्रतिसाद २ (सोलापूर)
आमच्या घरी तेलुगू बोलतात. तिथे 'मनं' म्हणजे आपण आणि 'मेमु' म्हणजे आम्ही. आजोबा मागावर बसायचे, मराठी उशिरा शिकले, पण या दोन शब्दांत त्यांची कधी गफलत झाली नाही. मराठीतला हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. शब्द मात्र संस्कृतातलेच: 'आपण' हा 'आत्मन्'वरून प्राकृत 'अप्पण'मार्गे, 'आम्ही' हा प्राकृत 'अम्हे'वरून.

प्रतिसाद ३ (बडोदा)
गुजरातीतही 'आपणे' आणि 'अमे' आहेतच. त्यामुळे आमच्या इथल्या मराठी घरांत हा फरक टिकलाय. पुण्यात इंग्रजी शाळेत जाणारा माझा पुतण्या मात्र आईलाच विचारतो, "आई, आम्ही कधी निघायचं?" ती बिचारी बॅग भरून तयार असते.

प्रतिसाद ४
मी ॲपच्या मजकुराचं भाषांतर करते, म्हणून दुसरी बाजू सांगते. आम्हाला तक्त्यात सुटी वाक्यं मिळतात. कोण कुणाला म्हणतंय, पडद्यावर काय आहे, काही कळत नाही. "आम्ही तुमची माहिती जपून ठेवतो" इथे 'आम्ही' बरोबर, कारण बोलणारी कंपनी आहे. त्याच तक्त्यात पुढची ओळ "चला..." असते. यंत्राने आधीच 'आम्ही' भरून ठेवलेलं असतं आणि घाईत ते तसंच पुढे जातं. मी तिथे सर्वनामच काढून टाकते. मराठीत क्रियापद पुरतं.

धागाकर्ता
हे पटलं. त्या ॲपच्या अभिप्रायाच्या चौकटीत आत्ताच लिहून पाठवलं: "चला, सुरुवात करूया." भाचीलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, "हं, असं आपण बोलतो."