कॅनडात ईटीएफ कोणता घ्यावा? एक्सईक्यूटी की व्हीएफव्ही? लवकर मदत हवी आहे

नाशिककर_टोरांटो (गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी, दोन आठवडे झाले डोक्याचा भुगा झालाय, शेवटी इथे विचारतोय. बँकेने मला त्यांचा म्युच्युअल फंड गळ्यात मारला, आत्ता कागद नीट वाचले तर एमईआर (फंडाची वार्षिक फी) २.२ टक्के! म्हणजे ३४ हजारांवर वर्षाला साडेसातशे डॉलर नुसते फीमध्ये. तो विकून ईटीएफ (शेअरसारखे बाजारात मिळणारे कमी फीचे फंड) घ्यायचेत. एक जण म्हणतो एक्सईक्यूटी (जगभरचे शेअर एकाच ईटीएफमध्ये) घे आणि विसरून जा, दुसरा म्हणतो व्हीएफव्हीच, तिसऱ्याने पाच ईटीएफचे टक्के मांडून दिले. खातं टीएफएसए आहे, म्हणजे आत वाढलेल्या पैशावर कर नाही ते. शनिवारी सुट्टी आहे तेव्हा बसून उरकायचंय. प्लीज नाव सांगा, अभ्यास करा असं नका सांगू, भरपूर केलाय.

दत्ता_कॅलगरी

व्हीएफव्ही. विषय संपला. अमेरिकेच्या ५०० मोठ्या कंपन्या, एमईआर ०.०९. मी २०१६ पासून दर पगाराला घेतोय, एकदाही विकला नाही. एक्सईक्यूटीमध्ये २५ टक्के कॅनडा येतो, जगाच्या बाजारात कॅनडा जेमतेम ३ टक्के आहे, मग आपण पाव हिस्सा बँका आणि तेलात का अडकवायचा?

मेधा_ओकव्हिल

नाव सांगायच्या आधी तीन गोष्टी सांगा. कॅनडात कधी आलात, हे पैसे कधी लागणार आहेत, आणि घरात अजून कोण कमावतं. याशिवाय कोणी काही सांगत असेल तर तो स्वतःच्या गरजेचं सांगतोय.

जर्सीवाला

एक महत्त्वाचं. कॅनडाचे ईटीएफ अजिबात घेऊ नका, आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) त्यांना पीएफआयसी, म्हणजे परदेशी फंड, धरतं, दर वर्षी प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. माझ्या चुलत भावाला सीएला द्यायलाच इतके पैसे गेले. आधी ४०१के भरा, मग रॉथ (ही निवृत्तीची खाती).

मेधा_ओकव्हिल

@जर्सीवाला दादा, ते अमेरिकेचे नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाले असतील तर. हे टोरांटोत आहेत, आयआरएसचा काय संबंध? ४०१के इथे नसतो.

नाशिककर_टोरांटो

अमेरिकेचं काही नाही हो. आम्ही पीआर (कॅनडाचे कायम रहिवासी). मी सप्टेंबर २०२२ ला आलो, बायको एप्रिल २३ ला. ती पार्ट टाइम करते. पैसे तसे लगेच नकोत, घर घ्यायचंय पण ते २०२७ च्या उन्हाळ्यात. पण तारखेने काय फरक पडतो? ईटीएफ तोच ना?

अण्णा_कोथरूड

बाळा, अनुभवाने सांगतो, तिकडच्या कागदी गुंतवणुकीत राम नाही. इथे एनआरई (अनिवासी भारतीयांची) एफडी कर, व्याज पूर्ण करमुक्त, आईवडिलांच्या डोळ्यासमोर पैसे. बाकीचे नाशकात एखाद्या प्लॉटमध्ये घाल. प्लॉट कुठे पळून जात नाही.

सुजाता_के

अण्णा, एनआरईचं व्याज भारतात करमुक्त. कॅनडाचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर इथे कर भरतो, ते व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. आमच्या ओळखीतले कितीतरी जण वर्षानुवर्षं दाखवत नाहीत. भारतातली एफडी, शेअर, भाड्याने दिलेला फ्लॅट मिळून खरेदी किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली की टी ११३५ फॉर्म पण लागतो, नाही भरला तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० पर्यंत.

आता @नाशिककर, तारखेने फरक पडतो आणि मला तुझे आकडे बघून धाकधूक होतेय. ३४ हजार ही आजची किंमत आहे की तू भरलेले पैसे? आणि कधी भरलेस?

नाशिककर_टोरांटो

भरलेले. फेब्रुवारीत खातं उघडलं तेव्हा ३० हजार एकदम टाकले, मार्चपासून एसआयपी केलीय, दर १५ तारखेला ५०० कट होतात. आज ३५,९०० दिसतात. ताई धाकधूक कशाची? ऑफिसमधल्या मित्राने सांगितलं की लिमिट ३८,५०० आहे, त्याच्या आतच आहे मी.

दत्ता_कॅलगरी

मुद्द्यावर या. व्हीएफव्ही.

सुजाता_के

मुद्दा हाच आहे दत्ताभाऊ, थांबा जरा.

नाशिककर, तुझा मित्र २०२० मध्ये आलाय का? कारण टीएफएसएची रूम, म्हणजे पैसे भरायची मर्यादा, माणूस कॅनडाचा रहिवासी झाला त्या वर्षापासून मोजतात, सगळ्यांना एक नसते. २०२० ते २२ दर वर्षी ६,०००, २०२३ चे ६,५००, २०२४ आणि २५ चे ७,०००. २०२० वाल्याची बेरीज ३८,५०० होते. तू सप्टेंबर २२ ला आलास, त्या वर्षाचे पूर्ण ६,००० मिळतात तुला, मग ६,५००, ७,००० आणि ७,०००. बेरीज २६,५००.

तू ३४,००० भरलेस. ७,५०० जास्त आहेत. जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का कर लागतो, ती बाहेर निघेपर्यंत. फेब्रुवारीत ३,५०० जास्त होते, मग दर महिन्याला ५०० ची भर, ऑक्टोबरला ७,५००. नऊ महिन्यांचं मिळून आत्तापर्यंत साधारण ४९५ डॉलर. फंड वर गेला की खाली याच्याशी घेणंदेणं नाही, भरलेल्या रकमेवर मोजतात.

नाशिककर_टोरांटो

मित्र २०२० चाच आहे. मार्चमध्ये आला होता, लॉकडाऊनच्या आठवड्यात.

हात थरथरतायत टाइप करताना. बँकेच्या बाईने पासपोर्टवरचा शिक्का बघितला होता, खातं उघडताना एका शब्दाने विचारलं नाही. आता काय करू? सगळं काढून टाकू का?

मेधा_ओकव्हिल

घाबरू नका, आणि सगळं अजिबात काढू नका. ही चूक नवीन आलेल्यांपैकी खूप जणांची होते. बँक बघत नाही, बघणं तिचं काम पण नाही, रूम सांभाळायची जबाबदारी आपली असते. सीआरएच्या (कॅनडाच्या कर खात्याच्या) माय अकाउंटमध्ये आकडा दिसतो पण तो १ जानेवारीचा असतो, या वर्षी भरलेले त्यात नसतात.

उद्या सकाळी पहिलं काम, ती एसआयपी बंद. नाहीतर १५ नोव्हेंबरला आणखी ५०० आत जातील. दुसरं, ७,५०० चे युनिट विकून पैसे चेकिंग खात्यात आणा. ३१ ऑक्टोबरच्या आत बाहेर निघाले तर नोव्हेंबरचा कर लागणार नाही. फंड विकून पैसे यायला दोन-चार दिवस जातात, म्हणून सोमवारवर ढकलू नका.

प्रथमेश_वॉटर्लू

+१. माझ्या बाबतीत वेगळा प्रकार झाला होता. एका ठिकाणचा टीएफएसए बंद करून पैसे हातात घेतले आणि त्याच वर्षी दुसऱ्या ब्रोकरकडे भरले. मला वाटलं माझेच पैसे, जागा बदलली फक्त. पण काढलेल्या रकमेची रूम पुढच्या १ जानेवारीला परत मिळते, त्याच वर्षी नाही. १४ हजार जास्त झाले. त्यामुळे म्युच्युअल फंडातून ईटीएफला जाताना पैसे स्वतः काढू नकोस, नव्या ब्रोकरकडे खातं उघड आणि त्यांच्याकडूनच ट्रान्सफरचा फॉर्म लाव. बँक तिचा स्वतःचा फंड बहुतेक तसाच्या तसा पाठवत नाही, विकून कॅश पाठवते, ते ठीक आहे, टीएफएसएमधून टीएफएसएमध्ये गेलं पाहिजे एवढंच. बँक ट्रान्सफर फी कापेल, बरेच ब्रोकर ती भरून देतात, आधी विचारून घे.

मला सीआरएचं पत्र आलं तेव्हा मी लगेच पैसे काढून आरसी २४३ (टीएफएसएत जास्त भरल्याचा फॉर्म) भरला आणि चूक कशी झाली ते एका पानावर लिहून कर माफ करायची विनंती केली. तीन महिन्यांनी माफ झाला. सगळ्यांचा होईलच असं नाही, पण पत्र यायच्या आधी पैसे काढलेले असले की बाजू बळकट होते. तुझा आरसी २४३ पुढच्या वर्षी ३० जूनपर्यंत.

अण्णा_कोथरूड

म्हणूनच म्हणत होतो, प्लॉट.

शिल्पा_ब्रॅम्प्टन

याच धाग्यात विचारते, वेगळा काढत नाही. मुलगी ४ वर्षांची आहे, आरईएसपी (मुलांच्या शिक्षणासाठीचं खातं) अजून उघडला नाही, उशीर झाला का? त्यात पण एक्सईक्यूटी घेता येतो का?

सुजाता_के

@शिल्पा येतो. २,५०० भरले की सरकार ५०० घालतं, आयुष्यभरात ७,२०० पर्यंत. राहिलेल्या वर्षांचं अनुदान मिळतं पण एका वर्षात एकाच मागच्या वर्षाचं, म्हणजे ५,००० भरून १,०००. या आठवड्यातच उघड.

@नाशिककर, ते ७,५०० चेकिंगमध्ये लोळत ठेवू नकोस. बायकोचा टीएफएसए आहे का? तिची २०२३, २४, २५ मिळून २०,५०० रूम आहे. नवऱ्याने दिलेले पैसे तिने स्वतःच्या टीएफएसएमध्ये भरले तर चालतं.

आणि घर घ्यायचंय तर एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं खातं) कसा नाही? नाशिकला तुमचं घर होतं ना, कोणाच्या नावावर?

नाशिककर_टोरांटो

बायकोचं काहीच नाही, तिचे पैसे साध्या सेव्हिंगमध्ये आहेत. घर वडिलांच्या नावावर आहे, कॉलेज रोडला, आम्ही सगळे तिथेच राहायचो. नावाचा काय प्रश्न? ते भारतात आहे.

सुजाता_के

भारतातलं पण धरतात. या वर्षी किंवा मागच्या चार कॅलेंडर वर्षांत तू स्वतःच्या किंवा बायकोच्या मालकीच्या घरात राहिला असतास तर आत्ता एफएचएसए उघडता आला नसता. वडिलांचं असेल तर तुम्ही दोघं चालता. दोघांचेही ३१ डिसेंबरच्या आत उघड. वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००. रूम खातं उघडल्यापासूनच सुरू होते, टीएफएसएसारखी मागची मिळत नाही, त्यामुळे डिसेंबरात उघडलं आणि जानेवारीत उघडलं यात ८,००० चा फरक आहे. भरलेलं उत्पन्नातून वजा होतं आणि घरासाठी काढताना कर नाही. तो बाहेर काढलेला पैसा तुझ्या एफएचएसएमध्ये गेला तर मला तर जास्त आवडेल.

दत्ता_कॅलगरी

हे सगळं बरोबर आहे, मानलं. पण खात्याच्या आत काय घ्यायचं हा त्याचा प्रश्न होता आणि ते व्हीएफव्हीच आहे.

मेधा_ओकव्हिल

दत्ताभाऊ, तुम्ही नऊ वर्षं घेताय आणि पुढची वीस वर्षं विकणार नाही. त्यांना २०२७ च्या उन्हाळ्यात डाउन पेमेंट द्यायचंय, वीस महिने राहिलेत. २०२२ मध्ये व्हीएफव्ही १२ टक्क्यांच्या आसपास पडला, आणि ज्याला आपण सुरक्षित म्हणतो तो कॅनडाचा बाँड इंडेक्सही त्याच वर्षी ११ टक्क्यांहून जास्त पडला. त्या वर्षी क्लोजिंग (घराचे पैसे चुकते करायचा दिवस) असतं तर? आम्ही २०२२ मध्येच मिल्टनला घर घेणार होतो, पैसे व्हीग्रो नावाच्या ईटीएफमध्ये होते. जूनमध्ये खातं उघडून बघितलं आणि घराचं पुढे ढकललं, अजून भाड्याने राहतोय. त्यामुळे मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. घराचे पैसे जीआयसी (बँकेची मुदत ठेव) किंवा हाय इंटरेस्ट सेव्हिंगवाल्या ईटीएफमध्ये, बाकी काही नाही.

दत्ता_कॅलगरी

ताई, २०२३ मध्ये तो सगळा भरून निघाला.

मेधा_ओकव्हिल

घर विकणारा २०२३ पर्यंत थांबला नाही.

प्रथमेश_वॉटर्लू

आणि एकाच देशावर सगळं लावायचं असेल तर २००० ते २००९ बघा, एस अँड पी ५०० दहा वर्षांत डिव्हिडंड धरूनही तोट्यात होता. उलट नुसता कॅनडा पण नको, २००० साली टोरांटोच्या इंडेक्सचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकटी नॉर्टेल होती, पुढे ती बुडाली. म्हणून मला एक्सईक्यूटी किंवा व्हीईक्यूटी बरा वाटतो, अमेरिका, कॅनडा, युरोप, जपान, भारतसुद्धा थोडा, सगळं एकाच युनिटमध्ये आणि टक्के ते स्वतः सावरतात. दोघांत फरक फार नाही, व्हीईक्यूटीत कॅनडा ३० टक्क्यांच्या आसपास.

बाय द वे, चालला तो जगातला पहिला ईटीएफ टोरांटोतच निघाला होता, मार्च १९९० मध्ये, टीआयपी३५ नावाने. अमेरिकेचा स्पाय त्यानंतर तीन वर्षांनी. इथे राहून हे फार जणांना माहीत नसतं.

जर्सीवाला

स्पाय १९९३. बरोबर. कंपनीचं मॅचिंग घेतोस का रे? ते तिकडे पण असेल ना.

नाशिककर_टोरांटो

ग्रुप आरआरएसपी (कंपनीमार्फत निवृत्तीचं खातं) आहे, मी ४ टक्के भरले तर कंपनी ४ टक्के देते. घराला पैसे लागतील म्हणून घेतलं नव्हतं.

सुजाता_के

अरे! जर्सीवाले दादा, हा प्रश्न बरा विचारलात. सोमवारी एचआरला मेल टाक. पहिल्या घरासाठी आरआरएसपीमधून ६०,००० पर्यंत काढता येतात, नंतर परत भरायचे असतात. तुमच्या प्लॅनमधून मधेच काढू देतात का तेवढं मात्र एचआरला विचार, काही ठिकाणी नोकरीत असेपर्यंत अडवतात. तरी कंपनीचे ४ टक्के सोडायचे नसतात.

नाशिककर_टोरांटो (शुक्रवार, १७ ऑक्टोबर, दुपारी १:१५)

लंचमध्ये ब्रांचला जाऊन आलो. एसआयपी बंद केली. ७,५०० काढायचा फॉर्म सही केला, मंगळवारपर्यंत येतील म्हणाले. एक्झिट चार्ज लागेल का विचारलं तर नाही म्हणाले. ती बाई म्हणत होती की फंड तसाच ठेवा, मार्केट चांगलं आहे. मी म्हटलं आधी जास्तीचे बाहेर काढू द्या.

आता ठरवलंय ते असं, चुकत असेल तर सांगा. हे ७,५०० माझ्या नव्या एफएचएसएमध्ये, जीआयसीत. बायकोचा एफएचएसए पण या महिन्यात, तिच्या सेव्हिंगमधून. टीएफएसएचे उरलेले नव्या ब्रोकरकडे ट्रान्सफर, त्यातले २० हजार घरासाठी म्हणून सेव्हिंगवाल्या ईटीएफमध्ये आणि बाकीचे एक्सईक्यूटी. दत्ताभाऊ, राग मानू नका.

दत्ता_कॅलगरी

राग कसला. घर झाल्यावर ये परत, मग बोलू व्हीएफव्हीचं. ट्रान्सफरला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत पैसे अधांतरी दिसतील, घाबरून फोन करत बसू नकोस.

मेधा_ओकव्हिल

ठीक आहे हे. एक्सईक्यूटी घेताना लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावापर्यंतच घेणारी) लावा आणि बाजार उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटं थांबा. शनिवारी टाकून ठेवू नका, सोमवारी सकाळी भलत्या भावाला लागते.

प्रथमेश_वॉटर्लू

पैसे काढल्याची पावती आणि भरलेल्या तारखांचं स्टेटमेंट पीडीएफ करून ठेव, आरसी २४३ ला तेच लागतं. आणि १५ नोव्हेंबरला, शनिवार आहे, तरी सोमवारी खातं उघडून बघ ५०० कट झाले का. माझी बंद केलेली एसआयपी एकदा पुढच्या महिन्यात पण गेली होती.