मदत हवी आहे: अंडाशयावर गाठ, पिशवीच्या तोंडाशी जखम, पिशवी काढायला सांगितली आहे

सायली_न
सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट निघाली. डॉक्टर म्हणाल्या पिशवीच्या तोंडाशी जखमही आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो. मूलबाळ नाहीच, तर पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढून मोकळ्या व्हा. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. ऑपरेशन टाळता येईल का? कृपया लवकर सांगा.

मृण्मयी८२
वय? गाठ किती सेंटिमीटरची? पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने घेऊन तपासणं) झाली का? मूल हवं आहे की नको? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आजोळ
माझ्या वहिनीची गाठ कांचनार गुग्गुळाने पार गेली. दूध, मैदा बंद करा. सोनोग्राफी परत केली तर काही नव्हतं.

मृण्मयी८२
आजोळ, ती पाण्याची गाठ असणार. तसल्या गाठी पाळीच्या चक्रात होतात आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातात, गुग्गुळ घ्या नाहीतर घेऊ नका. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात), आत जुनं रक्त साचलेलं. ती अशी विरत नाही.

आजोळ
आमच्या घरात घडलंय ते सांगितलं. तुम्ही डॉक्टर आहात का?

सायली_न
वय ३४. ४.२ सेंमी, डाव्या बाजूला. रिपोर्टमध्ये 'ग्राउंड ग्लास इकोज' लिहिलंय. रक्तातला सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात बघतात तो) ६८ आलाय, झोप उडाली आहे. पॅप नाही झाली, स्पेक्युलम घालून नुसतं बघितलं, ब्रशने काही घेतलं नाही. मूल हवंच आहे, म्हणून तर विचारतेय! सासूबाई म्हणतात काढून टाक एकदाची.

पॅथॉलॉजीवाली
सायली, मी लॅबमध्ये काम करते. सीए-१२५ची मर्यादा साधारण ३५ धरतात, पण एंडोमेट्रिओसिसमध्ये तो बऱ्याचदा वाढतो. ऐन पाळीत रक्त दिलं तरी वाढलेला येऊ शकतो. त्यावरून कॅन्सर ठरत नाही.
'जखम' म्हणतात ती बहुतेक वेळा जखम नसतेच. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूच्या पेशी बाहेर आल्या की तो भाग लाल दिसतो. तरुण वयात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे सर्रास दिसतं. संशय असेल तर पॅप आणि एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणी करायची, त्यात काही निघालं तर कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून बघणं) आणि बायॉप्सी. सीआयएन १ (कॅन्सरपूर्व बदलांची सर्वांत सौम्य पायरी) पुष्कळदा आपोआप बरं होतं. २-३ असेल तर सहसा तेवढाच भाग काढतात. तो खोलवर काढला तर पुढे बाळंतपण लवकर होण्याचा धोका वाढतो, म्हणून मूल हवंय हे आधीच सांगायचं.

ऊसपट्टा
आमच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना कॅन्सरची अशीच भीती घालून कमी वयातच पिशव्या काढल्या. २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ताई, सही करू नका.

शरद_का
दत्तक घ्यायचा विचार करा. काराच्या (केंद्र सरकारची दत्तकविधान संस्था) वेबसाइटवर नोंदणी होते, प्रतीक्षायादी मोठी आहे.

मृण्मयी८२
शरदराव, तिने ते विचारलेलंच नाही.
सायली, मी यातून गेले आहे. दोन्ही अंडाशय काढले की त्याच दिवशी रजोनिवृत्ती. ३४व्या वर्षी हाडं, हृदय सगळ्यावर परिणाम होतो. नुसती गाठ काढतानाही अंडाशयाचा चांगला भाग जातो आणि एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं हार्मोन) खाली येतं, म्हणून ते आधी तपासा. डायनोजेस्टने (हार्मोनची गोळी) दुखणं बऱ्याचदा कमी होतं, पण ती चालू असताना सहसा मूल राहत नाही. ही तारीख रद्द करा आणि वंध्यत्व व एंडोमेट्रिओसिस दोन्ही बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. एकाच बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या झाल्या तर मात्र थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो.

सायली_न
तारीख रद्द केली. पॅप, एचपीव्ही, एएमएच करून घेते. गाठ तशीच ठेवून आयव्हीएफ करता येतं का?

पॅथॉलॉजीवाली
पुष्कळदा करतात. गाठ किती मोठी आहे, दुखतं किती, स्त्रीबीजं काढायला सुई नीट पोचते का, यावर ठरतं. मिस्टरांची वीर्यतपासणी झाली आहे का?

सायली_न
नाही. कोणी सांगितलीच नाही.

रानजाई
मी ४१, अविवाहित, मूल नको आहे. उजव्या अंडाशयावर डर्मॉइड (केस, चरबी असलेली गाठ) आहे. ज्यांच्याकडे गेले ते डॉक्टर म्हणाले लग्नानंतर बघू. अविवाहित म्हणून सोनोग्राफीही पोटावरूनच करतात, आतून नाही. माझ्यासारखीने कुठे जायचं?