सातारा रोडला उतरून साताऱ्याला पोचता येत नव्हतं

माहुलीकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘आपल्या भागात रेल्वे आली ती संस्थानिकांच्या दूरदृष्टीमुळे.’ वाचून राहवलं नाही. पुणे–मिरज लाइन टाकली सदर्न मराठा रेल्वेनं. १८८२ ची कंपनी, दुष्काळी मुलखात धान्य पोचावं म्हणून काढलेली. १८९० ला मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीचे रूळ, लोंढ्यापर्यंत भिडली, पण गावं राहिली बाजूला. साताऱ्याचं स्टेशन कुठं, तर दहा मैलांवर पाडळीला, आणि नाव ‘सातारा रोड’! आजी रात्रीच्या गाडीनं उतरली तेव्हा काका तापानं फणफणलेला. टांगा नाही. ट्रंकेवर बसून, पोराला पदरात गुंडाळून तिनं पहाट केली. दूरदृष्टीचं कौतुक तिला सांगायला हवं होतं.

गावभाग, सांगली: आजीचे हाल खरे, पण त्यावरून सगळ्या संस्थानांना झोडपू नका. मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ चा, कोल्हापूर दरबारचा. आमच्या सांगली संस्थानानं १९०७ ला मिरजेपासून फाटा आणला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे कंपनीनं केलं?

मिरजकर: सांगलीचं कौतुक पुरे. १९०७ ला तुमचे राजे अल्पवयीन होते, कारभार इंग्रज अधिकारी कॅप्टन बर्क बघत होता. आणि फाटा निघाला कुठून? मिरजेतून! १९२७ ला बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नॅरोगेजही, म्हणजे आणखी अरुंद रुळांची लाइन, मिरजेलाच आली. माझे वडील यार्डात हमाल. मीटरगेजच्या डब्यातून गुळाची ढेप खांद्यावर घ्यायची, नॅरोगेजच्या डब्यात रचायची. घरी आले की सदऱ्याचा खांदा चिकट असायचा, आई गरम पाण्यात भिजवून ठेवायची. २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तीही इथूनच. तरी कुठंही बघा, नाव सांगलीचं पुढं.

गावभाग, सांगली: आता मिरज–सांगली काढलंच आहे तर ऐका. आमच्या स्टेशन चौकात स्टेशन का नाही, हे पाहुण्यांना समजावण्यात माझा जन्म गेला. रूळ रुंद करून ब्रॉडगेज केली त्या वेळी मुख्य लाइन सांगलीवरून वळवली, जुनं स्टेशन उठलं, नाव तेवढं चौकाला चिकटलं. भर गावातलं स्टेशन गेलं आमचं! आणि तुम्ही आम्हालाच लाडावलेलं म्हणता?

मिरजकर: मुख्य लाइन मिळाली, तरी रडगाणं आहेच.

गावभाग, सांगली: तोंड सांभाळून बोला.

ओगलेवाडीचा: अहो, थांबा दोघं. कराडचं स्टेशन आमच्या ओगलेवाडीत आहे, कराडात नाही. पण त्या स्टेशनामुळंच ओगल्यांचा काचकारखाना टिकला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. गावापासून लांब म्हणजे वाईटच, असं नसतं. भांडायचंच तर कराड–चिपळूण रेल्वेसाठी भांडा. वर्षानुवर्षं नुसतं ऐकतोय. माझी बहीण चिपळूणला दिली आहे, प्रत्येक सणाला कुंभार्ली घाटात पोरं ओकून ओकून बेजार होतात.

माहुलीकर: कोल्हापूर आणि औंधचं मान्य करतो. सांगलीच्या फाट्याचं श्रेय राजांना देणार नाही, पैसा रयतेचा होता. आणि ब्रॉडगेज झाल्यावर आम्हाला मिळालेलं स्टेशनसुद्धा माहुलीला आहे, गावात नाहीच. परवा रात्री उतरलो, रिक्षासाठी पाऊण तास उभा होतो. शेजारी एक बाई, कडेवर झोपलेलं मूल.