मदत हवी आहे: कमी व्होल्टेजचा कर्नल लोडखाली टिकतो, पण खिशात पडल्या पडल्या फोन रीबूट होतो

नमस्कार मंडळी,

कस्टम कर्नल (फोनच्या सिस्टिमचा बदललेला गाभा) टाकून अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला कमी व्होल्टेज देणं, केलेल्या कोणाचा तरी सल्ला हवा आहे.

फोन जुना आहे, स्नॅपड्रॅगन 800 वाला, म्हणजे प्रोसेसरचे चार 'क्रेट' कोर. बूटलोडर अनलॉक, रूट, रिकव्हरीतून पूर्ण बॅकअप हे सगळं झालेलं आहे, आयएमईआय ज्यात असतो त्या ईएफएस पार्टिशनचीही प्रत कॉम्प्युटरवर ठेवली आहे. तेव्हा 'आधी बॅकअप घ्या' एवढं सोडून बोला.

कर्नलमध्ये 300 मेगाहर्ट्झपासून 2265 पर्यंत फ्रीक्वेन्सीच्या चौदा स्टेप आहेत आणि प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं बदलता येतं. मूळ तक्त्यात माझ्या चिपला 300 वर 775 मिलिव्होल्ट आणि 2265 वर 1050 मिळतात. मी सगळीकडे सरसकट 75 ने खाली आणलं.

गंमत अशी की स्ट्रेस टेस्ट लावली की फोन तासन् तास चालतो. चारही कोर 100 टक्क्यांवर, हातात धरवत नाही इतका तापतो, पण ना हँग ना रीबूट. जड गेमही बिनतक्रार चालतात. आणि तोच फोन स्क्रीन बंद करून खिशात टाकला, कोणी हातही लावला नाही, तर बाहेर काढावा तेव्हा बूट अ‍ॅनिमेशन फिरत असतं. रात्री उशाशी ठेवला तर सकाळी पिन मागत बसलेला सापडतो, अलार्म गेला उडत. काम करताना ठणठणीत आणि आराम करताना आडवा, हे कसं काय?

दुसरं दुखणं बॅटरीचं. रात्रभरात जेवढे टक्के मूळ कर्नलवर उतरायचे तेवढेच आताही उतरतात. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

तर विचारायचं हे की स्टेबिलिटी नेमकी तपासायची कशी, बॅटरीतला फरक मोजायचा कसा, आणि याच मॉडेलच्या दुसऱ्या एकाने त्याचा 'एकदम स्टेबल' तक्ता पाठवलाय, तो तसाच टाकू का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण त्याचं उत्तर सोपं आहे: टाकू नका. एकाच मॉडेलच्या दोन फोनमधल्या चिप सारख्या नसतात. कारखान्यातच प्रत्येक चिप तपासून तिला गट दिला जातो. क्वालकॉमच्या या पिढीत त्याला पीव्हीएस म्हणतात, सॅमसंगच्या एक्सिनॉसमध्ये एएसव्ही. 'हळू' चिपला त्याच फ्रीक्वेन्सीला जास्त व्होल्टेज लागतं, 'चपळ' चिपला कमी. तुमच्या कर्नलच्या बूट लॉगमध्ये पीव्हीएसची ओळ असते, त्यात गट दिसेल. समोरच्याचा गट वेगळा असेल तर त्याचा तक्ता तुमच्या कामाचा नाही. गट एकच निघाला तरी गटाच्या आतही फरक असतोच.

आता मूळ प्रश्न. तुमची स्ट्रेस टेस्ट चुकीच्या जागी बघतेय. चारही कोर 100 टक्क्यांवर नेले की गव्हर्नर (फ्रीक्वेन्सी ठरवणारा कर्नलचा भाग) त्यांना सरळ सगळ्यात वरच्या स्टेपवर बसवतो, आणि फोन तापला की थर्मल थ्रॉटलिंगने दोन-चार स्टेप खाली. म्हणजे चौदापैकी वरच्या मोजक्याच स्टेपची परीक्षा झाली. 300, 422, 652 यांना कोणी हातच लावला नाही. खिशातला फोन मात्र तिथेच असतो. दर थोड्या वेळाने एखादं नोटिफिकेशन येतं, फोन डीप स्लीपमधून उठतो, खालच्या स्टेपवर काही क्षण काम करतो, पुन्हा झोपतो.

त्यात आणखी एक मेख आहे. आपल्याला वाटतं गरम चिप म्हणजे कठीण परीक्षा. वरच्या व्होल्टेजला ते बरोबर आहे. पण व्होल्टेज खूप खाली नेलं की आधुनिक ट्रान्झिस्टरचं उलटं होतं, ते थंड असताना हळू चालतात. रात्रभर गार पडलेली चिप, सगळ्यात खालची स्टेप, वरून 75 मिलिव्होल्ट काढून घेतलेले, आणि नेमकं तेव्हाच झोपेतून उठून व्होल्टेज वर-खाली करायचं. तुमच्या फोनचा सगळ्यात अवघड प्रसंग हा आहे, गेम नव्हे. शिवाय 775 मधून 75 काढणं आणि 1050 मधून 75 काढणं यात प्रमाणाचाही फरक पडतो. पहिली कपात जवळपास 10 टक्क्यांची, दुसरी 7 ची.

मी कसं करतो ते सांगतो. आधी एमपी-डिसिजन ही सेवा बंद करायची. ती मधेच कोर बंद-चालू करते, आणि आपण लावलेल्या मर्यादाही तिच्यापुढे टिकत नाहीत. मग किमान आणि कमाल फ्रीक्वेन्सी एकाच स्टेपवर आणून फोनला तिथेच खिळवायचं. त्या एका स्टेपचं व्होल्टेज 25 ने खाली, आणि काम असं द्यायचं ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. उदाहरणार्थ एक मोठी फाइल घेऊन तिचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेली ओळख-संख्या) पुन्हा पुन्हा काढायचा आणि प्रत्येक वेळी ताडून बघायचा. फोन पडला नाही, म्हणजे हँग किंवा रीबूट झाला नाही, पण चेकसम एकदा जरी वेगळा आला, तरी ती स्टेप नापास. टिकली तर आणखी 25 खाली. नापास झाली की 25 वर, आणि त्याच्यावर आणखी थोडी मोकळीक ठेवून पुढची स्टेप. नंतर टाइम-इन-स्टेट (कोणत्या स्टेपवर किती वेळ गेला याची नोंद) उघडून खात्री करा की फोन खरोखर त्याच स्टेपवर होता, नाहीतर आपण परीक्षा घेतो एकाची आणि पेपर लिहितो दुसराच.

हे सगळ्या स्टेपना झालं की झोप-जाग चाचणी वेगळी. चार्जर आणि यूएसबी काढून ठेवा, कारण केबल लावलेली असली की बरेच फोन डीप स्लीपमध्ये जातच नाहीत. थोड्या थोड्या अंतराने जागं करणारा टायमर लावा आणि फोन गार जागी ठेवून द्या.

आणि हो, 'बूटवर लागू करा' हा पर्याय तोवर बंदच ठेवा. पडला तर निदान मूळ व्होल्टेजवर उठेल. नाहीतर बूटलूपमधून काढायला मूळ बूट इमेज फ्लॅश करत बसावं लागतं.

प्रतिसाद

बॅटरीबद्दल लिहितो, वरच्यांनी तो भाग सोडलाय.

रात्रीचे टक्के सारखेच उतरणार, त्यात नवल काही नाही. डीप स्लीपमध्ये कोरची वीजच तोडलेली असते. ज्याला वीज मिळत नाही त्याचं व्होल्टेज 775 असो की 700, वाचणार काय? रात्री बॅटरी खातात ते मोडेम, रॅम ताजी ठेवण्याचा खर्च, आणि वेकलॉक धरून फोनला जागं ठेवणारी अ‍ॅप्स. रात्रीची घट कमी करायची असेल तर बॅटरीस्टॅट्समध्ये (बॅटरी-वापराच्या नोंदीत) वेकलॉक शोधा, व्होल्टेजच्या तक्त्याचा तिथे संबंध नाही.

फायदा होतो तो कोर जागे असताना. एकाच फ्रीक्वेन्सीला स्विचिंगची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 1050 चे 975 केले तर ती साधारण 14 टक्क्यांनी घटते. 775 चे 700 केले तर 18 टक्क्यांनी. ऐकायला 18 भारी वाटतं, पण 300 मेगाहर्ट्झवर मुळात खर्चच किरकोळ, त्याचे 18 टक्के म्हणजे किरकोळातलं किरकोळ. आणि नेमकी तीच स्टेप तुमचा फोन पाडतेय असं दिसतं. सोडून द्या तिला. 2265 वर बचत चांगली, पण रोजच्या वापरात फोन तिथे फार थोडा वेळ असतो. खरा मलिदा मधल्या स्टेपमध्ये. टाइम-इन-स्टेट उघडून बघा, स्क्रोल करताना, वाचताना कोणत्या स्टेपवर वेळ जातो ते. माझ्याकडे 960 ते 1500 च्या दरम्यान जातो. मेहनत तिथे घ्या.

मोजमापाचं म्हणाल तर 'स्क्रीन ऑन टाइम' बघून निष्कर्ष काढू नका. ब्राइटनेस आणि सिग्नल यांचा फरकच एवढा असतो की आपली बचत त्यात बुडून जाते. समजा एकूण खर्चात प्रोसेसरचा वाटा पाव आहे आणि त्यातले 14 टक्के वाचले, तर एकूण बचत साडेतीन टक्के. टक्क्यांच्या आकड्याकडे बघून ती दिसणारच नाही. लूपवर व्हिडिओ लावून मोजणारेही फसतात, कारण व्हिडिओ डीकोड करणारं हार्डवेअर वेगळं असतं आणि प्रोसेसर जवळपास मोकळा बसलेला असतो.

एअरप्लेन मोड, स्क्रीन बंद, वेकलॉक धरून ठेवलेला, फ्रीक्वेन्सी खिळवलेली आणि एक ठरलेलं काम. चालू असताना फ्यूएल गेजचा (बॅटरी मोजणाऱ्या चिपचा) करंट ठराविक अंतराने फाइलमध्ये नोंदवत जा आणि सरासरी काढा. फोनचं तापमान दोन्ही वेळा सारखं असू द्या, कारण तापलेल्या चिपमधून विजेची गळतीही जास्त होते. क्रम मूळ व्होल्टेज, कमी व्होल्टेज, परत मूळ असा. पहिली आणि तिसरी सरासरी जुळली नाही तर मधलीवरही विश्वास नको.

प्रतिसाद

एक सावधगिरीचा सूर लावतो. रीबूट झालेला दिसतो तरी. खरी भीती आहे ती न दिसणाऱ्या चुकीची. कोरने एखादं उत्तर चुकीचं काढलं, फोन पडलाही नाही, आणि ते तसंच स्टोरेजवर लिहिलं गेलं. मग मेसेजचा डेटाबेस उघडत नाही, फोटो अर्धा करडा दिसतो, आणि माणूस मेमरी खराब झाली म्हणून हळहळतो. ज्या फोनमध्ये कामाचा डेटा आहे तिथे मी हे करणार नाही. छंद म्हणून दुसरा फोन असेल तर खुशाल करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चेकसमचा उपाय भलताच कामाचा निघाला. 300 ची स्टेप खिळवून चालवली तर फोन पडला नाही, पण चेकसम मधेच वेगळा आला. स्ट्रेस टेस्टच्या हिरव्या टिकने हे कधीच कळलं नसतं.

रीबूट झाल्या झाल्या लास्ट केएमएसजी फाइलही (पडण्याआधीचा कर्नल लॉग) काढली. एकदा 'अनडिफाइंड इन्स्ट्रक्शन' आहे, दुसऱ्यांदा 'अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट'. पत्ते वेगळे, कोर वेगळा, चालू असलेली प्रोसेसही वेगळी. हा कर्नलमधला बग तर नाही ना? आणि बॅटरी जुनी आहे, तिचाही संशय येतो.

प्रतिसाद

बग बहुधा एकाच जागी पडतो, दर वेळी त्याच फंक्शनमध्ये. दर वेळी नवी जागा, त्यातही 'अनडिफाइंड इन्स्ट्रक्शन', म्हणजे कोरने कोडच चुकीचा वाचला. हे अंडरव्होल्टचं ठरलेलं लक्षण. खातरजमा करायची तर तोच कर्नल मूळ व्होल्टेजवर चालवा. पडायचा थांबला तर कर्नल निर्दोष.

बॅटरीचं वेगळं ओळखता येतं. थकलेली बॅटरी लोडखाली दगा देते, तीही चार्ज कमी असताना किंवा थंडीत. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला आणि फोन बंद, असा प्रकार. तेव्हा फोन क्षणात विझतो, कर्नलला काही लिहायला वेळच मिळत नाही, आणि पुढच्या बूट लॉगमध्ये पॉवर-ऑफचं कारण यूव्हीएलओ (व्होल्टेज फार घसरलं म्हणून बंद) असं येतं. तुमच्याकडे व्यवस्थित ऊप्स (कर्नलचा एरर संदेश) छापलंय आणि लोडखाली फोन टिकतोय, म्हणजे बॅटरीला दोष नको.

प्रतिसाद

मधेच विचारतो. माझा फोन बराच नवा आहे, कर्नल बदलला तरी व्होल्टेजचा तक्ता कुठेच सापडत नाही. काही चुकतंय का?

प्रतिसाद

नाही. स्नॅपड्रॅगन 845 पासून सीपीयूची फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज चिपमधलं वेगळं हार्डवेअर सांभाळतं. त्याचा तक्ता फर्मवेअर भरतं, कर्नल फक्त वाचतो. त्यामुळे स्लायडर देणार तरी कुठून? जीपीयूच्या बाबतीत अजून थोडी जागा आहे, डिव्हाइस ट्रीमधल्या (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमधल्या) नोंदी बदलून प्रत्येक फ्रीक्वेन्सीला खालचा व्होल्टेज स्तर देता येतो. पण तिथे मिलिव्होल्ट नसतात, ठरलेले स्तर असतात, म्हणजे 25-25 ने चाचपडत जाण्याची सोय नाही. एक स्तर खाली, टिकला तर टिकला.

धागाकर्ता

मूळ व्होल्टेजवर तोच कर्नल चालवला, फोन एकदाही पडला नाही. म्हणजे कर्नल सुटला.

आता 300 ते 729 या चारही स्टेप मूळ व्होल्टेजवर आणल्या आहेत. 883 ते 1574 एकेक करून चेकसमवर तपासतोय. 1190 ला 75 ची कपात टिकली, 1267 ला मात्र 50 पेक्षा जास्त कपात टिकत नाही. सगळ्यात वरची 2265 सोडून दिली. करंटची नोंद ठेवणारी स्क्रिप्ट चालू आहे, पण फ्यूएल गेजचा आकडा दर वाचनाला बदलत नाही, बराच वेळ तोच राहतो आणि मग उडी मारतो. नोंदीचं अंतर किती ठेवू?

प्रतिसाद

गेज स्वतःच काही सेकंदांची सरासरी देतो, म्हणून तसं दिसतं. त्याहून जलद वाचून उपयोग नाही, उलट वाचण्यासाठी कोर उठतो तो खर्च वाढतो. आधी दोन उड्यांमधलं अंतर बघा आणि त्याच्या दुप्पट ठेवा. गेजमध्ये चार्ज काउंटर असेल तर आणखी बरं, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घ्या, वजाबाकी करा, मधल्या नोंदींची गरजच नाही.

धागाकर्ता

चार्ज काउंटर आहे! आज रात्री मूळ-कमी-मूळ क्रमाने लावतो आणि आकडे इथेच टाकतो.